कार्डातले फोटो नातवंडांपर्यंत पोहोचतील का?

घरात बारसे असो, मुंज असो, साखरपुडा असो की सौंदत्तीची यात्रा असो, फोटो काढायला आता कोणाला मुद्दाम बोलवावे लागत नाही. पूर्वी कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा एक रोल घालायचा, तो पुरवून पुरवून वापरायचा, स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि वाट पाहायची. आता गोव्याच्या दोन दिवसांच्या सहलीत घरातल्या चौघांचे मिळून पाचशे फोटो सहज निघतात. फोन भरला की ते मेमरी कार्डावर जातात. कार्ड भरले की नवे कार्ड येते आणि जुने कार्ड छोट्या डबीत घालून कपाटाच्या खणात, दागिन्यांच्या शेजारी ठेवले जाते. फोटो जपून ठेवले, या समाधानात सगळे निश्चिंत असतात.

दागिने दहा वर्षांनी बाहेर काढले तरी ते तसेच असतात. कार्डाचे मात्र तसे नाही. आजोबांच्या तरुणपणीचा कृष्णधवल फोटो कडेने पिवळा पडला तरी त्यातला फेटा, कोट आणि चेहरा ओळखू येतो. पण २००८ साली डबीत ठेवलेले कार्ड आज संगणकात घातले, तर सगळे फोटो दिसतील, निम्मे दिसतील की "कार्ड फॉरमॅट करा" एवढीच सूचना येईल, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून हा विषय केवळ तरुण मुलांचा किंवा संगणकवाल्यांचा नाही, तो घरातल्या प्रत्येकाचा आहे.

कार्डाच्या पोटात काय असते?

मेमरी कार्डात फिरणारा भाग नसतो आणि फोटोचे चित्रही नसते. त्यात असते ती फ्लॅश मेमरीची चिप. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८०च्या दशकात या मेमरीचा शोध लावला आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात थोडा विद्युतभार, म्हणजे काही इलेक्ट्रॉन, कोंडून ठेवलेले असतात. कप्पा किती भरलेला आहे त्यावरून संगणक आकडे वाचतो आणि त्या आकड्यांतून फोटो उभा करतो.

या कप्प्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात. मातीच्या माठातले पाणी जसे न सांडताही झिरपते, तसे हे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे हळूहळू निसटत राहतात. उष्णता वाढली की झिरपणे वाढते. शिवाय कार्डावर जितक्या वेळा लिहावे-पुसावे तितक्या या भिंती झिजतात. म्हणजे रोज वापरलेले जुने कार्ड हे नव्या कार्डापेक्षा जास्त झिरपणारा माठ होय.

सुरुवातीच्या चिपमध्ये कप्पा एकतर भरलेला किंवा रिकामा, एवढेच ओळखायचे असे. पुढे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावावी म्हणून एका कप्प्यात चार, मग आठ आणि आता काही चिपमध्ये सोळा पातळ्या ओळखल्या जातात. तांब्या भरलेला की रिकामा, हे लांबूनही कळते. पण त्याच तांब्यात पाण्याच्या सोळा खुणा करायच्या म्हटल्या, तर दोन थेंब कमी झाले तरी घोटाळा होतो. कार्डे स्वस्त आणि मोठी झाली त्यामागे ही युक्ती आहे, आणि फोटो दीर्घकाळ ठेवण्याच्या दृष्टीने तीच त्यांची दुबळी बाजू आहे. किरकोळ चुका दुरुस्त करण्याची सोय चिपमध्येच असते, पण तिलाही मर्यादा आहे.

नवी, फारशी न वापरलेली चिप माहिती साधारण दहा वर्षे धरून ठेवील, असे तिच्या तपशिलात बहुधा दिलेले असते. भरपूर वापरून झिजलेल्या चिपचे गणित वेगळे आहे. चिपांची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने घरगुती संगणकातील एसएसडीसाठी जी अट घातली आहे ती बोलकी आहे. ठरलेला सगळा वापर करून झाल्यावर, वीज न देता ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्यास माहिती एक वर्ष टिकली पाहिजे, एवढीच ती अट आहे. कार्डासाठी हाच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दोन्हींच्या पोटात आहे फ्लॅश मेमरीच.

अधूनमधून कार्ड संगणकात घालून काढले की ते ताजे होते, असा एक समज आहे. तशी खात्री देता येत नाही. फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन पुन्हा नव्याने लिहिले तरच भार नक्की नव्याने भरला जातो.

न सांगता येणारे आजारपण

झिरपण्याला वेळ लागतो. कार्डे बिघडतात ती बऱ्याचदा इतर कारणांनी. फोटो उतरत असताना कार्ड ओढून काढणे, फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपणे, सोनेरी पट्ट्यांवर घाण बसणे, उन्हात उभ्या गाडीत कार्ड राहणे, ही नेहमीची कारणे. कार्डातला नियंत्रक बिघडला तर एखाददुसरा नव्हे, सगळेच फोटो एका क्षणात दिसेनासे होतात. कॅसेट खराब होऊ लागली की आधी खरखर ऐकू यायची. कार्ड तशी पूर्वसूचना देईलच असे नाही.

बाजारात बनावट कार्डेही मिळतात. वर ५१२ जीबी छापलेले असते, संगणकातही तेवढेच दिसते, पण आत चिप असते ३२ जीबीची. ३२ जीबी भरेपर्यंत सारे सुरळीत चालते. त्यानंतर टाकलेले फोटो नुसत्या नावापुरते राहतात किंवा जुन्या फोटोंवर चढतात. भाव फारच कमी असेल तर शंका घ्यावी. नवे कार्ड आणल्यावर ते एकदा पूर्ण भरून आणि सगळे उघडून पाहावे. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या मोफत प्रोग्रामांनी ही तपासणी आपोआप होते.

चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. पुसताना बहुतेक वेळा फक्त यादीतले नाव जाते, मजकूर काही काळ तसाच असतो. कार्ड लगेच बाहेर काढून फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामने किंवा जाणकाराकडून प्रयत्न केल्यास बरेच परत मिळू शकते. मात्र अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड "अंतर्गत साठवण" म्हणून जोडलेले असेल तर त्यातला मजकूर त्या फोनच्या कुलपात बंद असतो. तो फोन बिघडला की कार्ड धडधाकट असूनही दुसरीकडे वाचता येत नाही.

मोडीचा कागद आणि जुने कार्ड

आपल्या भागात अनेक घरांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद सापडतात. जमिनीचे, देण्याघेण्याचे, कधी पणजोबांच्या पत्रांचे. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा मिळत नाही. डिजिटल वस्तूंची ही गत शंभर वर्षांत नव्हे, पंधरा-वीस वर्षांतच होते.

ऑलिंपस आणि फुजी यांनी २००२ साली एक्सडी कार्ड आणले. सोनीची मेमरी स्टिक १९९८ची. आज दुकानात नवा कॅमेरा घ्या, त्यात यांपैकी बहुधा काहीच बसत नाही. एसडी कार्ड १९९९ साली आले ते टिकले, पण त्याच्याही पिढ्या झाल्या. २ जीबीपर्यंतच्या जुन्या कार्डासाठी केलेल्या वाचक-यंत्रात पुढचे मोठे कार्ड चालत नाही. लग्नाच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी कपाटात आहेत, पण नव्या लॅपटॉपमध्ये त्यांची फटच उरलेली नाही. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थरही काळाने खराब होतो. म्हणून घरात असलेल्या सीडी, जुनी कार्डे आणि बंद पडलेले जुने फोन यांतले फोटो आधी बाहेर काढावेत. वाचायचे यंत्र अजून कोणाकडे तरी मिळते, तोवरच हे काम सोपे आहे.

पोथ्या टिकल्या त्या नकलांमुळे

तर मग कशावर ठेवले म्हणजे फोटो कायमचे टिकतील? असा प्रश्न विचारला जातो, आणि तिथेच आपण चुकीच्या वाटेला लागतो. एकदा ठेवून विसरून जावे असे साधन घरगुती वापरात नाही. आपल्या पूर्वजांकडेही ते नव्हते. तरीही सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे शब्द आपल्यापर्यंत आले, कारण त्यांनी नकला केल्या.

कर्नाटकात ताळेगरीवर, म्हणजे ताडपत्रावर लिहीत. कापडावर चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड चढवून केलेल्या घडीच्या वह्यांना कडत म्हणत. आज कन्नडमध्ये कचेरीतल्या फाइलला कडत म्हणतात तो शब्द हाच. ताडपत्राला कीड लागे, कापड विरे. पण जुनी प्रत जीर्ण होण्याआधी कोणीतरी नवी उतरवून काढी.

मराठीतल्या लीळाचरित्राची कथा याच कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी कष्टाने गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि मग अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आज त्या ग्रंथाचे जे निरनिराळे पाठ आढळतात त्याचे एक कारण हेच दिले जाते. दुसरे उदाहरण म्हैसूरचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे नाव जुन्या ग्रंथांतून येई, पण ग्रंथ कोणी पाहिला नव्हता. तंजावर भागातल्या एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला दिलेल्या ताडपत्रांत तो आर. शामशास्त्री यांना १९०५ साली मिळाला आणि १९०९ साली त्यांनी तो छापला. कोणा अज्ञात लेखकाने कधीतरी ती नक्कल केली नसती, तर ताडपत्रे किती चांगली होती याला काहीच अर्थ उरला नसता.

फोटोंच्या बाबतीत एवढेच करायचे आहे. कार्डाला पेटी न समजता पिशवी समजावे. बाजारातून भाजी आणायला पिशवी लागते, पण भाजी आपण पिशवीत ठेवत नाही.

तीन प्रती, दोन प्रकार, एक परगावी

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकातून एक सोपा नियम लोकप्रिय केला. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. घरगुती भाषेत सांगायचे तर एक प्रत घरच्या संगणकात, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी परगावी किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत.

परगावी कशासाठी, हे आपल्या भागाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय अशा नद्या एकाच वेळी फुगल्या. बेळगाव जिल्ह्यात आणि पलीकडे कोल्हापूर-सांगलीत हजारो घरांत पाणी शिरले. अशा वेळी माणसे, जनावरे आणि जमिनीचे कागद वाचवण्यातच जीव जातो. अल्बम आणि संगणक एकाच खोलीत असतील तर दोन्ही एकदमच जातात. एका कपाटातल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत.

सीमाभागातल्या कुटुंबांना इथे एक नैसर्गिक सोय आहे. एक लेक धारवाडला, माहेर कोल्हापूरला, मुलगा बेंगळूरूला आणि जुने घर खानापुरात, अशी आपली नाती दोन राज्यांत पसरलेली असतात. एकसारख्या दोन डिस्क घ्याव्यात. एक आपल्याकडे आणि एक नातलगाकडे. गणपतीला किंवा दिवाळीला जाणे होतेच, तेव्हा नवे फोटो भरलेली डिस्क द्यायची आणि जुनी परत आणायची. एका फोटोला ५ एमबी धरले तरी एक टीबीच्या डिस्कवर दोन लाख फोटो मावतात, म्हणजे जागेची चिंता नाही. बँकेचे आणि ओळखपत्रांचे कागद मात्र या डिस्कवर ठेवू नयेत.

हार्ड डिस्कही अमर नाही. तिच्यात फिरणारे भाग असतात, पडली तर बिघडते. वर्षातून एक-दोनदा लावून काही जुने फोटो उघडून पाहावेत आणि पाच वर्षे झाली की नव्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. कणकुंबी-खानापूर पट्ट्यातल्या पावसाळी दमट हवेत डिस्क आणि कार्डे हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या माळ्यावर किंवा चुलीशेजारच्या फडताळात ठेवू नयेत.

इंटरनेटवर ठेवलेले आपलेच असते का?

इंटरनेटवरची साठवण सोयीची आहे, पूर आला तरी ती सुरक्षित असते. पण ती दुसऱ्याची जागा आहे, हे विसरू नये. एकेकाळी आपल्याकडची तरुण मुले ऑर्कुटवर फोटोंचे अल्बम लावत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. गुगल फोटोजमध्ये किंचित आकसलेले फोटो कितीही ठेवा, फुकट, अशी सोय होती. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकले जाऊ शकते, असे धोरण गुगलने २०२३ साली जाहीर केले.

हा शेवटचा मुद्दा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. माणूस अचानक गेले की त्यांच्या फोनचा पिन कोणाला ठाऊक नसतो. त्यांनी काढलेले फोटो आणि नातवंडांशी बोलतानाचे व्हिडिओ त्या फोनमध्येच राहतात. सोने कुठे आहे, विम्याचे कागद कुठे आहेत, हे जसे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवतात, तसे फोटो कुठे आहेत आणि ते कसे उघडायचे, हेही वेळेवर सांगून ठेवावे. आपल्यामागे खात्यातला मजकूर कोणाला मिळावा हे आधीच नोंदवण्याची सोय गुगलच्या खात्यात आहे.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो ही मूळ प्रत समजू नये. पाठवताना तो लहान केला जातो आणि फोटो कधी काढला याची आतली नोंदही गळते. लग्नाचे फोटो नातलगांकडून घ्यायचे असतील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे किंवा थेट पेनड्राइव्हवर घ्यावे.

हे अण्णा कोणाचे अण्णा?

इतके करून फोटो टिकले, तरी त्यातली माणसे कोण, हे कळले नाही तर उपयोग काय? आल्बमच्या फोटोमागे निदान कोणीतरी दोन शब्द लिहीत असे. कार्डातल्या फोटोला कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तेवढा असतो.

आपल्या घरांत हा गोंधळ दुप्पट आहे. मराठी घरात अण्णा म्हणजे वडील असू शकतात, कन्नड घरात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. एका नातवाची आजी ती दुसऱ्याची अज्जी. दोड्डव्वा म्हटले की लेकीला कळते, पण कोल्हापूरच्या भाच्याला कळत नाही. म्हणून फोटोची नोंद करताना नात्याने न करता पूर्ण नावाने करावी. सुनेचे माहेरचे नावही लिहावे. दोन पिढ्यांनी ते सांगणारे कोणी नसते.

फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पुढे गाव व प्रसंग लिहावा, म्हणजे "२०१४-०५-११ बेळगाव लग्न" असे. सारे आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. प्रत्येक फोल्डरमध्ये साधी मजकूर-फाइल ठेवून त्यात माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. मराठीत लिहा किंवा कन्नडात, पण युनिकोडमध्ये लिहा. पूर्वी श्री-लिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हे दिसतात, हे अनेकांनी अनुभवले असेल.

आणि घरात जुनी माणसे आहेत तोवर त्यांना समोर बसवून फोटो दाखवावेत. कोण, कुठले, कोणाच्या लग्नातले, हे त्या सांगतील तसे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. अज्जी मराठीतून सुरू करते, मध्येच कन्नडवर जाते आणि हसून पुन्हा मराठीवर येते. ती बोली आपल्या घरची आहे. कुठल्याही फोटोत ती सापडणार नाही.

थोडे कागदावरही

शेवटी कागद. दरवर्षीच्या हजार फोटोंतून निवडक वीस-पंचवीस फोटो चांगल्या लॅबमधून छापून घ्यावेत. ते पाहायला वीज लागत नाही, पिन लागत नाही. चिकट पानांचे आणि पीव्हीसीच्या खिशांचे अल्बम टाळावेत, त्यांनी फोटो खराब होतात. फोटोमागे बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. निवड करण्याचे काम मुलांवर सोपवावे. कोणता फोटो ठेवायचा यावर वाद होतात, आणि त्या वादातून मुलांना घरातली माणसे कळतात.

हे सारे एका दिवसात होणारे नाही आणि तसा हट्टही धरू नये. पहिल्या रविवारी घरातली सगळी कार्डे, सीडी आणि जुने फोन एका ताटात गोळा करावेत. दुसऱ्या रविवारी ते संगणकात उतरवावेत, पण नकला नीट उघडतात हे पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. तिसऱ्या रविवारी दुसरी प्रत करावी. नावे लिहिण्याचे काम मग वर्षभर चालू द्यावे. मराठीत थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, कन्नडात हनि हनि कूडिदरे हळ्ळ म्हणतात. या रविवारी कपाटातली ती छोटी डबी तेवढी बाहेर काढा.